पुनर्वसन विभागातील डॉक्टरांना वृद्धांची काळजी कशी शिकवावी : नव्या शिक्षकांसाठी मार्गदर्शन

पुनर्वसन विभागातील निवासी डॉक्टरांना वृद्ध रुग्णांविषयी शिकवण्याचे काम ज्यांच्याकडे नव्याने आले आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. असे शिक्षक कधी वृद्धवैद्यकातून आलेले असतात, तर कधी पुनर्वसन विभागातच काही वर्षे काढलेले असतात. दोघांनीही एक गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात घ्यावी, की समोरचे शिकणारे डॉक्टर या विषयात कोरे नाहीत. रुग्णाला कोणता आजार आहे याच्या बरोबरीने त्याला काय करता येते हे पाहण्याची सवय त्यांना इतर बहुतेक शाखांच्या डॉक्टरांपेक्षा अधिक असते, आणि वृद्धवैद्यकाचा पायाही तोच आहे.

अडचण दुसरीकडे आहे. पुनर्वसन वैद्यकाची घडण मोठ्या प्रमाणात दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांभोवती झाली. रुग्ण तरुण, इजा मोठी पण एकच, आणि बाकीचे शरीर धडधाकट, असे चित्र समोर ठेवून व्यायामाची वेळापत्रके आणि उद्दिष्टे आखली गेली. ऐंशी वर्षांची व्यक्ती खुब्याचे हाड मोडून त्याच वॉर्डात दाखल होते, तेव्हा मोडलेले हाड हा तिच्या अनेक प्रश्नांपैकी एक असतो, आणि बरेचदा त्यांतला सर्वांत सोपा. मूत्रपिंड, हृदय, स्मृती, नजर, भूक या सगळ्यांतील शिल्लक आधीच कमी झालेली असते. ही शिल्लक किती आहे हे ओळखायला शिकवणे, हेच आपले मुख्य काम आहे, असे मी मानतो.

या दोन शाखांचे नाते जुने आहे, आणि ते शिकणाऱ्यांना जरूर सांगावे. इंग्लंडमधील वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात 1935 मध्ये मार्जरी वॉरन यांच्याकडे दीर्घकाळ पडून असलेल्या शेकडो जुनाट रुग्णांची जबाबदारी आली. त्यांनी त्यांना एकेक करून तपासले, कोणाला काय झाले आहे ते नोंदवले, अंथरुणातून उठवले, चालायला लावले, आणि त्यांतले बरेच जण रुग्णालयाबाहेर पडले. वृद्धवैद्यकाच्या सुरुवातीचे हे काम खरे पाहता पुनर्वसनाचेच काम होते.

पहिली पायरी : शिकवण्याआधी आठवडाभर पाहावे

पहिल्या आठवड्यात एकही व्याख्यान ठेवू नये. वॉर्डातील राउंडला मागे उभे राहावे आणि पासष्ट वर्षांवरील वीस रुग्णांचे केस पेपर शांतपणे वाचावेत. वाचताना चारच गोष्टी शोधाव्यात. आजारापूर्वी रुग्ण काय करू शकत होता हे लिहिले आहे का, उभे केल्यावरचा रक्तदाब नोंदवला आहे का, स्मृती आणि अवधान यांची तपासणी झाली आहे का, आणि दाखल होताना सुरू असलेल्या औषधांपैकी एखादे विचारपूर्वक बंद केले आहे का. मिळालेले आकडे वहीत लिहून ठेवावेत, कारण सहा महिन्यांनी त्यांचा उपयोग होणार आहे.

याच आठवड्यात रात्रपाळीच्या परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट यांच्याशी बोलावे. कोणता रुग्ण संध्याकाळनंतर बदलतो, कोण जेवणाचे ताट तसेच परत पाठवतो, कोणाला व्यायामाच्या खोलीत नेईपर्यंतच दम लागतो, हे डॉक्टरांच्या आधी त्यांना माहीत असते. आपल्या अभ्यासक्रमातील निम्मे विषय याच गप्पांतून मिळतील.

दुसरी पायरी : विषय थोडे निवडावेत

वृद्धवैद्यकाचे पाठ्यपुस्तक पुनर्वसनाच्या निवासी डॉक्टरांवर रिकामे करण्यात अर्थ नाही. 2017 मध्ये कॅनडा आणि अमेरिकेतील वृद्धवैद्यक तज्ज्ञांनी या शाखेचा गाभा पाच शब्दांत मांडला आणि तो ‘पाच एम’ म्हणून ओळखला जातो (इंग्रजीत हे पाचही शब्द एम अक्षराने सुरू होतात) : मन, हालचाल, औषधे, अनेक आजारांची गुंतागुंत, आणि रुग्णाला स्वतःला सर्वांत महत्त्वाचे काय वाटते. चौकट म्हणून ती पुरेशी आहे. मात्र या पाचांना समान वेळ देऊ नये. हालचाल हा शिकणाऱ्यांचा बलाचा विषय आहे, तेथे काही ठरावीक चुका दुरुस्त केल्या तरी पुरते. मन आणि औषधे येथे मात्र सर्वाधिक तास खर्च करावेत.

तिसरी पायरी : पंधरा दिवसांपूर्वीचा प्रश्न

एकच सवय लावता आली तर ती ही लावावी. प्रत्येक वृद्ध रुग्णाच्या तपासणीची सुरुवात ‘हा आजार सुरू होण्याच्या पंधरा दिवस आधी तुमचा दिवस कसा जात होता?’ या प्रश्नाने व्हावी. स्वतःची कामे स्वतः करत होता का, असे विचारले की उत्तर जवळजवळ नेहमी ‘हो’ असे येते आणि त्यातून काहीच कळत नाही. म्हणून बारीक विचारायला शिकवावे. खुर्चीतून उठताना हाताने रेटा द्यावा लागत होता का? घराबाहेर शेवटचे एकटे कधी गेलात? गोळ्या कोण काढून देते? आंघोळ रोज होत होती की हळूहळू दिवसाआड होऊ लागली होती? पैशांचा हिशेब कोणाकडे आहे, आणि तो तुमच्याकडून कधी गेला?

या उत्तरांवरून क्लिनिकल फ्रेल्टी स्केलचा, म्हणजे वृद्धाची क्षीणता मोजणाऱ्या मापनाचा, आकडा ठरवायला शिकवावा. हे मापन 2005 मध्ये केनेथ रॉकवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले, तेव्हा त्यात सात पायऱ्या होत्या, पुढे त्या नऊ झाल्या. आजारात पलंगावर पडलेल्या माणसाकडे पाहून आकडा लावणे ही येथील नेहमीची चूक आहे. आकडा आजाराआधीच्या स्थितीचा हवा. पुनर्वसन विभागासाठी आणखी एक सावधगिरी अत्यंत महत्त्वाची आहे, आणि ती इतर विभागांत फारशी सांगितली जात नाही. तीस वर्षांपूर्वी मज्जारज्जूला इजा होऊन व्हीलचेअर वापरू लागलेली व्यक्ती या मापनावर उगीचच ‘क्षीण’ ठरू शकते, कारण त्यातील वर्णने इतरांच्या मदतीच्या गरजेवर आधारलेली आहेत. स्थिर, जुने अपंगत्व आणि वाढत्या वयातील क्षीणता यांतील फरक ओळखण्याची जबाबदारी पुनर्वसनाच्या डॉक्टरांवर इतर कोणाहीपेक्षा अधिक आहे.

‘शिल्लक’ ही कल्पना मनावर ठसवण्यासाठी मी एक अभ्यास नेहमी सांगतो. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात सरासरी 67 वर्षे वयाच्या निरोगी व्यक्तींना केवळ 10 दिवस अंथरुणात ठेवले गेले, तेव्हा त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो स्नायूभार कमी झाला. ही माणसे निरोगी होती. ताप, शस्त्रक्रिया आणि अर्धपोट जेवण यांसह दहा दिवस पडून राहिलेल्या ऐंशी वर्षांच्या रुग्णाचे काय होत असेल, याचा अंदाज निवासी डॉक्टरांना स्वतः करू द्यावा.

चौथी पायरी : ‘सहकार्य करत नाही’ हा शेरा

काही वर्षांपूर्वी एका वॉर्डात मी एका निवासी डॉक्टरांबरोबर राउंड घेत होतो. खुब्याच्या शस्त्रक्रियेचा चौथा दिवस असलेल्या एका आजींच्या केस पेपरवर तीन दिवस सलग ‘व्यायामास सहकार्य नाही, प्रेरणा कमी’ असे लिहिलेले होते. आजी शांत पडून होत्या. डोळे अर्धवट मिटलेले, पाण्याचा ग्लास हात न पोचेल अशा टेबलावर, चष्मा उशीखाली आणि श्रवणयंत्र सुनेच्या पिशवीत. आम्ही श्रवणयंत्र कानात बसवले आणि डिसेंबरपासून उलट्या क्रमाने महिने सांगायला सांगितले. त्यांनी डिसेंबर म्हटले, नोव्हेंबर म्हटले, मग पुन्हा डिसेंबर म्हटले आणि खिडकीकडे पाहत गप्प झाल्या. त्यांचे पोट चार दिवस साफ झाले नव्हते आणि लघवीची नळी अजून तशीच होती. हा डिलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक येणारा मनाचा गोंधळ होता, आणि आरडाओरडा न करणारा, निपचित पडून राहण्याचा त्याचा प्रकार होता. तोच सर्वाधिक नजरेआड होतो, कारण अशा रुग्णाचा कोणालाच त्रास होत नाही.

म्हणून मी वॉर्डात एक नियम ठेवला आहे आणि तो नव्या शिक्षकांनीही ठेवावा असे सुचवतो : फोर-ए-टी ही डिलिरियम ओळखण्याची तपासणी केल्याशिवाय ‘सहकार्य नाही’ असे लिहायचे नाही. तिला साधारण दोन मिनिटे लागतात. रुग्ण पुरेसा जागा आहे का ते पाहायचे. वय, जन्मतारीख, ठिकाण आणि चालू वर्ष विचारायचे. महिने उलटे म्हणून घ्यायचे. आणि ही स्थिती अचानक आली आहे का किंवा दिवसभरात कमीजास्त होते का, हे घरच्यांना व परिचारिकांना विचारून नोंदवायचे. चार किंवा अधिक गुण आले तर डिलिरियम असण्याची शक्यता धरून कारण शोधायला लागायचे : जंतुसंसर्ग, वेदना, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, पाणी कमी पडणे, नवे औषध, हरवलेला चष्मा.

निवासी डॉक्टरांनी ही तपासणी तुमच्यासमोर निदान पाच वेळा करावी. पहिल्या दोन वेळा ते रुग्णाला नकळत उत्तरे सुचवतात, आणि हे कागदावरून कधीच कळत नाही. डिलिरियम, स्मृतिभ्रंश आणि नैराश्य यांतील फरक मात्र एकदा निवांत बसून समजावावा. अचानक आलेले, चढउतार होणारे आणि अवधान बिघडवणारे ते डिलिरियम, महिनोन्महिने हळूहळू वाढत गेलेला तो स्मृतिभ्रंश, असे सांगितल्यावर एकाच रुग्णात ही तिन्ही एकत्र असू शकतात, हेही लगेच सांगावे.

पाचवी पायरी : आपल्याच लेखणीतील औषधे

औषधांविषयी शिकवताना इतर विभागांच्या चिठ्ठ्यांपासून सुरुवात करू नये. पुनर्वसन विभाग स्वतः जी औषधे रोज लिहितो तेथून करावी : बॅक्लोफेन, टिझॅनिडीन, गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, अमिट्रिप्टिलीन, ऑक्सिब्युटिनीन, ट्रॅमाडॉल आणि वेदनाशामक गोळ्या. यांतील बहुतेक औषधे वृद्धांमध्ये गुंगी, तोल जाणे, लघवी अडणे किंवा गोंधळलेपण आणू शकतात. बॅक्लोफेन, गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन मुख्यतः मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतात, त्यामुळे मूत्रपिंड मंदावले की नेहमीचीच मात्रा जास्त ठरते.

येथे फळ्यावर एक गणित सोडवून घ्यावे. रुग्ण 84 वर्षांची स्त्री, वजन 45 किलो, रक्तातील क्रिएटिनीन (मूत्रपिंडांचे काम जोखण्यासाठी मोजले जाणारे द्रव्य) 1.0. अहवालावर हा आकडा सामान्य म्हणून छापून येतो. कॉक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांच्या सूत्राने 140 मधून 84 वजा केले की 56 उरतात. त्यांना 45 ने गुणून 72 ने भागले की 35 येतात आणि स्त्रियांसाठीच्या 0.85 ने गुणले की मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता मिळते, मिनिटाला सुमारे 30 मिलिलिटर, म्हणजे बरीच कमी. स्नायू कमी असल्याने क्रिएटिनीनच कमी तयार होते आणि अहवाल फसवतो. हे वाक्य शंभर वेळा सांगण्यापेक्षा गणित एकदा करून घेतलेले चांगले, कारण त्यानंतर निवासी डॉक्टर अहवालाकडे पाहताना आपोआप रुग्णाच्या दंडाकडेही पाहू लागतात.

दुसरा धडा औषधांच्या साखळीचा. रक्तदाबासाठी अॅम्लोडिपीन सुरू होते, त्याने पायांना सूज येते. सूज पाहून लघवी वाढवणारी गोळी दिली जाते. मग लघवीची घाई होते म्हणून ऑक्सिब्युटिनीन येते, आणि त्यानंतर रुग्ण रात्री गोंधळतो आणि शौचालयाकडे जाताना पडतो. असा रुग्ण पुनर्वसन विभागात ‘वारंवार पडणे’ या निदानाने पोचतो. प्रत्येक कडीला वेगळा डॉक्टर असतो आणि प्रत्येकाने आपल्यापुरते योग्यच केलेले असते. शिकणाऱ्यांना ही साखळी उलट्या दिशेने उलगडायला लावावी. वृद्धांना कोणती औषधे टाळावीत आणि कोणती द्यावीत यासाठी हाताशी संदर्भ म्हणून 1991 मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झालेले बीअर्स निकष आणि 2008 मधील स्टॉप-स्टार्ट निकष ठेवावेत. दोन्हींच्या नव्या आवृत्त्या निघत असतात, त्यामुळे जुनी प्रत वापरू नये. औषध बंद करतानाही घाई नको. बॅक्लोफेन एकदम थांबवले तर झटके आणि भ्रम होऊ शकतात, म्हणून ते टप्प्याटप्प्यानेच कमी करावे लागते.

सहावी पायरी : हालचालीतील ठरावीक चुका

पहिली चूक रक्तदाबाची आहे. रुग्णाला पाच मिनिटे आडवे ठेवून, मग उभे करून एका आणि तिसऱ्या मिनिटाला मोजावे. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर ती घसरण मानतात. व्यायामात ‘मला कसेतरी होते’ म्हणणाऱ्या कित्येकांचे उत्तर येथेच सापडते.

दुसरी चूक नाडीवर विसंबण्याची. बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी मंद ठेवणारे औषध, घेणाऱ्या रुग्णाची नाडी श्रम सांगत नाही. तेथे बोर्ग यांच्या 6 ते 20 च्या मापनावर रुग्णानेच सांगितलेली श्रमाची पातळी, किंवा चालता चालता सलग वाक्य बोलता येते का ही साधी कसोटी, अधिक विश्वासाची. तिसरी चूक अर्ध्या भाराची. खुब्याच्या अस्थिभंगानंतर ‘या पायावर अर्धाच भार टाका’ ही सूचना तरुण माणसालाही नीट पाळता येत नाही, मग हातांत जोर नसलेल्या आणि सूचना लक्षात न राहणाऱ्या रुग्णाकडून ती कशी पाळली जाणार? प्रत्यक्षात असा रुग्ण पलंगावरच राहतो. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांशी बोलून, सोसेल तितका पूर्ण भार देण्याची परवानगी मागायला निवासी डॉक्टरांना शिकवावे, आणि तो फोन तुमच्यासमोर करू द्यावा.

चौथी चूक अति सौम्यपणाची आहे, आणि ती मायेपोटी होते म्हणून दुरुस्त करायला अवघड जाते. वय पाहून अर्धा किलोचे वजन हातात दिले जाते आणि ते महिनाभर तेवढेच राहते. 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात नव्वदीच्या आसपासच्या, संस्थेत राहणाऱ्या दहा क्षीण व्यक्तींनी आठ आठवडे पायांचा जोरकस भारव्यायाम केला, तेव्हा पूर्ण करणाऱ्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. माणसे थोडी होती, पण वय हे व्यायाम कमी ठेवण्याचे कारण नाही एवढे त्यातून स्पष्ट होते. भार वाढवायचाच आहे, फक्त सत्रे लहान करून दिवसात दोनदा विभागायची आहेत. व्यायामाबरोबर अन्नही पाहावे लागते. वृद्धांना दररोज प्रति किलो वजनामागे साधारण 1.0 ते 1.2 ग्रॅम प्रथिने लागतात. मूत्रपिंडाचा गंभीर विकार असल्यास हे प्रमाण वेगळे ठरवावे लागते.

सातवी पायरी : संभाषण

निवासी डॉक्टर पलंगाजवळ येतात, मुलाकडे पाहतात आणि ‘बाबा जेवतात का?’ असे विचारतात. बाबा शेजारीच असतात. ही सवय मोडण्यासाठी साधा क्रम घालून द्यावा : खुर्ची घेऊन बसायचे, श्रवणयंत्र चालू आहे का पाहायचे, पहिला प्रश्न रुग्णाला विचारायचा आणि उत्तरासाठी दहा सेकंद थांबायचे. दहा सेकंद फार लांब वाटतात. थांबायला शिकवणे हे मी कौशल्यच मानतो.

उद्दिष्ट ठरवतानाही रुग्णाचेच शब्द लिहायला लावावेत. ‘वॉकरने पन्नास मीटर चालणे’ हे आपले उद्दिष्ट असते. रुग्णाचे उद्दिष्ट रात्री कोणालाही न उठवता शौचालयात जाऊन येणे हे असू शकते, आणि त्यासाठी चालण्याइतकेच अंधारात उठणे, वळणे आणि कपडे सावरणे यांचा सराव लागतो. सांभाळणारी व्यक्तीही बरेचदा पंचाहत्तरीची असते. तिला काय उचलता येते हे डिस्चार्जच्या दिवशी विचारून उपयोग नाही, ते पहिल्या आठवड्यातच विचारावे.

वृद्धत्वाचा अनुभव देणारे जड पोशाख आणि धूसर चष्मे काही ठिकाणी वापरतात. माझा त्यांवर फारसा भर नाही, कारण त्यांतून समज येण्याऐवजी कीवच अधिक येते. त्यापेक्षा एका निवासी डॉक्टरांना रिकाम्या पलंगावर झोपवावे, दोन्ही बाजूंचे कठडे वर करावेत आणि बाकीच्यांनी त्यांच्याविषयी, त्यांच्या डोक्यावरून, पाच मिनिटे राउंड घ्यावा. त्यानंतरची चर्चा आपोआप होते.

आठवी पायरी : वेळापत्रक आणि पडताळणी

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, चाळीस मिनिटांचा संयुक्त राउंड पुरे. एक रुग्ण, एक प्रश्न, आणि परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांच्यापैकी निदान दोघे हजर. निवासी डॉक्टरांनी आधी आपले मत सांगावे, त्यामागचे कारण द्यावे, आणि मगच शिक्षकांनी बोलावे. व्याख्याने महिन्याला एखादे, आणि तेही राउंडमध्ये निघालेल्या प्रश्नावर.

लेखी परीक्षेतून फक्त माहिती मोजली जाते. जॉर्ज मिलर यांनी 1990 मध्ये मांडलेल्या पिरॅमिडमध्ये माहिती असणे सर्वांत खाली आहे आणि प्रत्यक्ष कामात करणे सर्वांत वर. म्हणून पडताळणी पलंगाजवळ आणि केस पेपरवर व्हावी. सहा महिन्यांनी पुन्हा वीस कागद काढावेत, त्याच चार गोष्टी शोधाव्यात आणि आधीच्या वहीतील आकड्यांशेजारी नवे आकडे लिहावेत. उभ्याचा रक्तदाब लवकर सुधारतो, औषधे बंद करण्याची नोंद सर्वांत शेवटी येते. एखाद्या कागदावर आजारापूर्वीच्या स्थितीचा रकाना कोरा दिसला, तर ते सभेत मांडू नये. त्या निवासी डॉक्टरांना त्याच दुपारी त्या रुग्णाकडे घेऊन जावे, खुर्ची ओढून द्यावी, आणि पंधरा दिवसांपूर्वीचा तो प्रश्न त्यांनाच विचारू द्यावा.